खुर्चीचं माप

आमच्या सासूबाई माझ्या खुर्चीचं माप घेताना मला सापडल्या तेव्हा मी अर्ध्या दाढीचा साबण गालावर घेऊन टॉवेल शोधायला बाहेर आलो होतो. त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या होत्या. शिवणकामाच्या टेपचं एक टोक जमिनीला, दुसरं खुर्चीच्या बैठकीला लावून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या. मला पाहताच त्यांनी टेप मुठीत लपवली आणि म्हणाल्या, "काही नाही जावईबापू, स्वेटरचं बटण पडलंय माझं."

त्यांच्या स्वेटरला बटणं नाहीत. चेन आहे.

मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. लोक आपलं काय काय जळालं, भिजलं, चोरीला गेलं ते आम्हाला कळवतात आणि त्यातलं खरं किती हे मी बघतो. थोडक्यात, मला पगार संशय घेण्याचा मिळतो. घरी आल्यावर मी हा गुण शर्टाबरोबर खुंटीला टांगून ठेवतो, असं मी समजत होतो. बायकोचं मत वेगळं आहे. पण ज्या स्वेटरला चेन आहे त्याचं बटण कसं पडेल, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता.

आता खुर्चीबद्दल. ती कुठून आली, कधी आली, हा इतिहास सांगत बसत नाही. ती खिडकीच्या कोपऱ्यात आहे, उंच पाठीची आहे, हात रुंद आहेत आणि उजव्या हातावर माझ्या चहाच्या कपाचा गोल वळ उमटलेला आहे. गादीला माझ्या अंगाचा खळगा पडलाय. संध्याकाळी कामावरून आलो की मी त्या खळग्यात बसतो, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पाय टाकतो आणि नवं वर्तमानपत्र उघडतो. गठ्ठा मधूनच घसरतो आणि पाय धाडकन जमिनीवर आपटतात, तेवढं एक सोडलं तर जगात याहून मोठं सुख मला माहीत नाही. बायको म्हणते, "ती खुर्ची नाही, आजार आहे." खुर्ची सोडवत नाही म्हणून पुढाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो. आता हसत नाही.

नाताळ तोंडावर आला होता. एरवी हे दिवस मला फार आवडतात. घरात केकचा वास फिरत असतो, बायको ठेवणीतल्या काचेच्या बशा पुसत असते, कन्या सोनेरी कागदाचे तारे कापून त्यातले निम्मे सोफ्यावर विसरते आणि ते माझ्या पँटला चिकटून ऑफिसात जातात. केकचं कच्चं मिश्रण चाखून "साखर बरोबर आहे" असं सांगणं आणि गेल्या वर्षी नीट गुंडाळून ठेवलेल्या दिव्यांच्या माळेचा यंदा कसा काय झाला हे कुणालाच न कळणारा गुंता सोडवणं, ही दोन खाती माझ्याकडे असतात. पण यंदा बटणाच्या त्या सकाळपासून माझं लक्ष लागेना. मी गुंता सोडवत होतो आणि डोळे खुर्चीवर होते.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "यंदा झाड जरा मोठं आणायचं का?"

"कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"बघू की. कोपरा काय, करता येतो."

आमच्या घरात कोपरे चार. एकात फ्रीज आहे, एकात चपलांचं कपाट, एकात दार उघडतं. चौथ्यात मी असतो. शिवाय मी खोलीत पाऊल टाकलं की बोलणी बंद होऊ लागली. बायको एकदम बशीकडे बघायची, कन्या ताऱ्याकडे आणि सासूबाई छताकडे. आमच्या छतावर बघण्यासारखं काही नाही.

सासूबाई गेल्या उन्हाळ्यापासून आमच्याकडेच राहतात. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, उंची त्याहून कमी. कुठल्याही खुर्चीवर बसल्या की त्यांचे पाय अधांतरी लोंबकळतात. थोडा वेळ लोंबकळवतात, मग हळूच उतरून दुसरीवर जातात, तिथून तिसरीवर. मला आधी वाटायचं, वयामुळे अस्वस्थ होत असतील. टेप पाहिल्यावर मला या फिरतीचा अर्थ लागला. बाई फर्निचरची पाहणी करत होत्या.

पुढचा पुरावा जिन्यात मिळाला. मी वर येत होतो आणि आमच्या दाराशी सासूबाई सुताराशी हळू आवाजात बोलत होत्या. हा सुतार आमच्या इमारतीतली सगळी कामं करतो आणि प्रत्येक कामात आधीच्या सुताराची, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचीच, अक्कल काढतो. मला बघून तो दचकला आणि मोठ्याने म्हणाला, "तर आजी, दार घासतंय म्हणताय!" आमचं दार घासत नाही. मी ते त्याच्यासमोर उघडून, लावून, पुन्हा उघडून दाखवलं. तो म्हणाला, "वा, आपोआप सुधारलं." आणि गेला.

मग मी स्वयंपाकघरात रीतसर शोध घेतला. मैद्याच्या डब्यामागे कापडाचा एक तुकडा सापडला. मोहरीच्या रंगाचा, जाड आणि नवाकोरा. खुर्च्या-सोफ्यांना लावतात तसला. आमच्या घरात मोहरीच्या रंगाचं काहीही नाही. म्हणजे लवकरच येणार होतं, आणि ते यायचं तर काहीतरी जाणार होतं. काय जाणार होतं हे सांगायला विमा कंपनीचा माणूस कशाला पाहिजे?

मी वरच्या मजल्यावर अनुभवींकडे गेलो. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण सगळे त्यांना अनुभवी म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक गोष्टीचा अनुभव आहे. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंना बाळंतपणाबद्दल सल्ला देतानासुद्धा ते "मला अनुभव आहे" असं म्हणाल्याचं मी ऐकलंय.

त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं, आणि आपल्या बायकोचा कानोसा घेतला.

"माप घेतलं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं."

"सुतार?"

"येऊन गेला."

"कापड?"

"मैद्याच्या डब्यामागे."

त्यांनी डोळे मिटले. "माझा रेडिओ आठवतो? 'दुरुस्तीला देते' म्हणाली. आज कित्येक वर्षं तो दुरुस्तच होतोय. आधी माप घेतात, मग गिऱ्हाईक बघतात, मग एक दिवस आपण घरी येतो आणि तिथे कुंडी असते. मला अनुभव आहे. माझं ऐका, खुर्ची रिकामी सोडू नका."

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज केला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "घरगुती मालमत्तेला धोका आहे."

"कुणाकडून?"

"सासूबाईंकडून."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तेही विवाहित आहेत.

पहारा देणं हे बाहेरून वाटतं तितकं सोपं काम नाही. पहिल्या सकाळी बायकोने बेकिंग पावडर संपल्याचं जाहीर केलं. मी कन्येला पाठवलं. मग लोणी संपलं. मग पोस्टात जायचं निघालं. "अहो, तुम्ही उठणार आहात की खुर्चीसकट केर काढू?" असं बायकोने विचारलं, तेव्हा मी दोन्ही पाय वर घेतले आणि तिने त्यांच्याखालून केर काढला. जेवण मी खुर्चीतच घेतलं. "पाठ धरलीये" असं कारण दिलं होतं. त्यावर सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीशी ठेवून गेल्या. मी ती तपासून पाहिली. नुसतं पाणीच होतं.

पण माणूस कितीही निश्चयी असला तरी अंघोळ वगैरे टळत नाही. तेव्हा मी आमच्या धंद्यातली एक युक्ती केली. खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शिवणाचा बारीक दोरा बांधला. कुणी खुर्ची हलवली की दोरा तुटणार आणि मला कळणार. अंघोळ करून आलो तर दोरा गायब. शेजारच्या टेबलावर तो छान गुंडाळून ठेवला होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीला दोरा लोंबत होता. पायात आला असता कुणाच्या. काढून ठेवलाय बरं."

अशा थंड डोक्याच्या माणसापुढे पहारा टिकणार नाही, हे मी ओळखलं. नाताळ होईपर्यंत खुर्ची घराबाहेर लपवणं हाच एक मार्ग उरला होता. अनुभवींच्या घरी त्यांच्या सासुरवाडीची माणसं मुक्कामाला असल्यामुळे स्वतः अनुभवीच जेमतेम मावत होते. पण जिन्याखालच्या मीटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. खोली कोरडी, कुलूपबंद, आणि तिथे एरवी कुणी जात नाही.

मी नियमाने चालणारा माणूस. म्हणून आधी इमारतीच्या सेक्रेटरींना भेटलो. ते पूर्वी कुठल्याशा सरकारी कचेरीत होते आणि अजून मनाने तिथेच बसतात.

"खुर्ची इमारतीबाहेर जाणार?" त्यांनी विचारलं.

"नाही. वरून खाली. आतल्या आत."

"बाहेर जाणाऱ्या सामानाला चिठ्ठी लागते. आत येणाऱ्या सामानाला चिठ्ठी लागते. आतल्या आत फिरणाऱ्या सामानाबद्दल नियम नाही."

"म्हणजे परवानगी लागणार नाही," मी आनंदाने म्हणालो.

"असं कसं? नियमच नाही तर परवानगी कशाच्या आधारावर देणार? सभा बोलवावी लागेल. सुट्ट्या संपल्यावर बघू." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण तुम्हाला खुर्ची खाली का हवी आहे?"

माणसं किती संशयी असतात! मी तडक निघालो.

संधी त्याच संध्याकाळी आली. बायको म्हणाली, "आम्ही तिघी झाड आणायला जातोय. तुमची पाठ धरलीये, तुम्ही बसा." तिघी गेल्या. खुर्चीला सोडून अशा सरळ निघून गेल्या, याचाच मला सर्वांत जास्त संशय आला. नक्की गिऱ्हाईकाला घेऊन परत येणार. मी अनुभवींच्या दारावर टकटक केली.

आम्ही खुर्ची उचलली. संबंध जिन्यात केकचा वास दरवळत होता, घराघरांत ओव्हन लागले होते आणि प्रत्येक खिडकीत कागदी तारा पेटला होता. कुठेतरी वरच्या मजल्यावर मुलं गाण्यांची तालीम करत होती आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती. एरवी मी थांबून ऐकलं असतं. पण खुर्चीचं वजन सगळं माझ्याकडे होतं आणि अनुभवींकडे दिशा दाखवण्याचं काम होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, टाकताय का शेवटी? बरं झालं." मी त्यांना उत्तर दिलं नाही. काही अपमान ओझं खाली ठेवल्यावरच घ्यायचे असतात.

मीटरच्या खोलीचं दार बुटकं आहे. "पाठीकडून घाला, तिरकी करा, मला अनुभव आहे," असं अनुभवी म्हणाले. मी पाठीकडून घातली, तिरकी केली, ढकलली. पाठ आत गेली, मागचे पाय आत गेले आणि पुढचे पाय चौकटीला अडकले. मग ना ती आत जाईना ना बाहेर येईना. अनुभवी म्हणाले, "जोर लावा." मी जोर लावला. कुठेतरी लाकूड करकरलं.

आणि संपूर्ण इमारत काळीकुट्ट झाली.

शपथेवर सांगतो, माझ्या खुर्चीने कशालाही धक्का लावला नव्हता. इतके ओव्हन, इतके तारे आणि इतक्या माळा एकदम लागल्यावर मेन स्विच पडणारच होता. तो दर वर्षी पडतो. दर वर्षी कुणीतरी खाली येतं आणि तो वर करतं. फक्त यंदा तो स्विच आणि माणसं यांच्यामध्ये माझी खुर्ची होती.

मग मजल्यामजल्यावरून दारं उघडली.

"अहो, माझा केक आत आहे!"

"माझा आत्ताच फुगायला लागला होता हो!"

"दार उघडू नका ओव्हनचं, बसेल तो!"

मेणबत्त्या घेतलेली माणसं जिन्यावरून उतरू लागली. गाणी म्हणणारी मुलंही आली. त्या उजेडात सगळ्यांना दिसलं ते हे, की मीटरच्या खोलीच्या दारातून एका खुर्चीचे दोन पाय बाहेर आलेत आणि मी ते धरून बसलोय.

"हा मीटरच्या खोलीचा गैरवापर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मला दुपारीच शंका आली होती."

"मी यांना सांगत होतो," गर्दीतून एक आवाज आला, "की असं करू नका. मला अनुभव आहे." अनुभवी माझ्या बाजूने उठून त्यांच्या बाजूला कधी गेले, हे अंधारामुळे मला कळलं नाही.

चारजणांनी खुर्ची ओढून पाहिली. दोघांनी हात घालून स्विच गाठायचा प्रयत्न केला. त्यातल्या एकाचा हातच अडकला आणि तो सोडवण्यात आणखी केक बसले. एवढ्यात फाटकातून बायको आणि कन्या झाड घेऊन आल्या. त्यांच्यामागून सासूबाई आणि त्यांच्याबरोबर सुतार. सुताराच्या काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सुतार आला!" सगळे ओरडले. "पाय कापा! खुर्चीचे पाय कापा!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं तिने कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही," ती म्हणाली, "खुर्ची इथे का आणलीत?" मी म्हणालो, "ते तुला माहीत आहे." ती म्हणाली, "मला अजिबात माहीत नाही." मी म्हणालो, "वा!"

सुताराने खुर्ची पाहिली आणि तो सासूबाईंकडे वळला. "आजी, ही तर तीच! मग आपलं माप—"

"तुम्ही काही बोलू नका," सासूबाई घाईने म्हणाल्या. "माझी शपथ आहे तुम्हाला."

हे सगळ्या इमारतीसमोर झालं. आता कटाला आणखी काय पुरावा हवा होता?

सासूबाई माझ्याजवळ आल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "नका हो पाय कापू. जरा दम धरा. काहीतरी मार्ग निघेल. इतकी छान खुर्ची, आहे त्या उंचीची राहू द्या ना."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इमारतीत नव्हता तेवढा. यांना खुर्ची अखंड हवी होती! गिऱ्हाईकाला माप कळवलेलं असणार. पाय कापलेली खुर्ची कोण घेईल? कुणीही नाही. ती माझ्यापासून कुणीच नेणार नाही.

"कापा," मी म्हणालो.

"साहेब, नीट विचार—" सुतार म्हणाला.

"कापा म्हणतो ना!"

सुताराने पोतं कन्येकडे दिलं आणि करवत काढली. पुढचे दोन पाय निम्म्यावर कापले. खुर्ची सटकन बाहेर आली, सेक्रेटरींनी आत वाकून स्विच वर केला आणि सगळी इमारत उजळली. लोक आपापल्या ओव्हनकडे धावले. खुर्ची मात्र नमस्कार करत असल्यासारखी पुढे वाकून उभी होती.

"हे तुकडे मी चिकटवून देतो," सुतार म्हणाला. "खिळे, सरस, महिनाभर टिकेल."

"मागचेही कापा," मी म्हणालो. विजय अर्धा ठेवू नये, असं मला वाटलं.

त्याने कापले. सासूबाईंचा चेहरा पडला होता. कन्येकडचं पोतं घेऊन ते छातीशी धरून त्या हळूहळू जिना चढून गेल्या. डाव हरलेला माणूस असाच जातो, असं मी मनाशी म्हटलं आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

नाताळपर्यंतचे दिवस मी विजयात काढले. विजय थोडा अवघड होता. खुर्ची आता इतकी बुटकी झाली होती की बसताना तळ कुठे येतो याचा अंदाज येत नसे आणि उठताना कन्येचा हात लागे. गुडघे हनुवटीपाशी येत आणि वर्तमानपत्र त्यांच्यावर ठेवून वाचावं लागे. पण खुर्ची माझी होती. झाड आलं ते चपलांचं कपाट बाल्कनीत सरकवून तिथे उभं राहिलं. माझ्या कोपऱ्याला कुणी हातही लावला नाही. हे बघून मला जरा चमत्कारिक वाटलं, पण डाव फसल्यावर त्यांनी बेत बदलला असेल अशी मी मनाची समजूत काढली.

नाताळच्या सकाळी आम्ही झाडाभोवती बसलो. आमचा केक मधोमध बसलेला होता, त्या खळग्यात बायकोने क्रीम भरलं होतं आणि त्याविषयी कुणी बोलायचं नाही असं न सांगता ठरलं होतं. कन्येने मला मफलर दिला. बायकोने हातमोजे दिले. मग बायको आणि कन्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि ते पोतं घेऊन आल्या. आता त्याला सोनेरी कागदाचा एक तारा चिकटवलेला होता.

"राहू दे, आई," बायको हळूच म्हणाली.

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठीच केलंय ना."

मी पोतं काढलं. आत पाय ठेवायचं स्टूल होतं. चार सुबक पाय, वर मऊ गादी, गादीवर मोहरीच्या रंगाचं कापड आणि कापडाच्या कडेने बारीक हाताने घातलेली टाक्यांची नक्षी. वय झालेल्या डोळ्यांनी ती घालायला किती दिवस लागले असतील, ते माझ्या ध्यानात आलं.

"तो पेपरांचा गठ्ठा घसरतो ना तुमच्या पायाखालून," सासूबाई म्हणाल्या. "धाडकन आपटतात पाय. रोज बघते मी. पायांना आधार नसला की काय होतं ते मला कळतं हो. म्हणून खुर्चीचं माप घेऊन बरोबर त्या उंचीचं करवून घेतलं."

मी स्टूल खुर्चीसमोर ठेवलं आणि खुर्चीत बसलो. स्टूल माझ्या बैठकीच्या कितीतरी वर होतं. तरी मी पाय उचलून त्यावर ठेवले. त्याबरोबर माझी पाठ घसरली, मी खळग्यात मुडपून गेलो आणि समोर मला फक्त माझे दोन मोजे आणि त्यांच्यामधून झाडाचा शेंडा दिसायला लागला.

कन्या फिस्सकन हसली. मग आजीकडे बघून गप्प झाली.

सासूबाई टेप शोधत असल्यासारख्या स्वेटरचा खिसा चाचपत होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उंची जरा कमी धरायला हवी होती."

आजवर मी कितीतरी लोकांना खोटं बोलताना पकडलंय. पण माझी चूक आपल्या अंगावर घेण्यासाठी कुणी इतकं साधं खोटं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मला फार लाज वाटली. बटण, दोरा, गरम पाण्याची पिशवी, सगळं एकदम आठवलं, आणि पिशवी मी तपासून पाहिली होती तेही आठवलं.

"स्टूलही कापून घेऊ," बायको म्हणाली. "सुतार आहेच."

"नको," मी म्हणालो. "कापाकापी पुरे." कन्येने मला ओढून उभं केलं. मी सासूबाईंना म्हणालो, "आई, तुम्ही बसून बघा बरं जरा."

मी त्यांना आई म्हटलं हे माझ्या लक्षात नंतर आलं. त्यांच्या लगेच आलं असावं.

"अगंबाई, मी कशी? तुमची खुर्ची ती."

"बसा हो."

त्या बसल्या. सवयीने कडेला टेकल्या, मग जरा मागे सरकल्या, मग आणखी मागे. त्यांची पाठ खुर्चीच्या पाठीला लागली. मग त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली होती. त्यांनी एक पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं, जणू खात्री करून घेत होत्या.

"टेकले," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. हात खुर्चीच्या रुंद हातांवर ठेवले, डावा नुसता आणि उजवा माझ्या चहाच्या वळावर, आणि थोड्या वेळाने आम्ही केक कापत असतानाच त्यांना झोप लागली. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. बसायला ते उत्तम आहे. सुताराने पाय मजबूत केलेत.

इतक्यात दार ढकलून अनुभवी आत आले. हातात केकची बशी होती आणि चेहऱ्यावर सहानुभूती. त्यांनी झाडाकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, खुर्चीत कोण आहे ते पाहिलं आणि स्टुलावर बसलेल्या मला पाहिलं.

"काय सांगत होतो मी?" ते विजयाने म्हणाले. "गेली ना शेवटी खुर्ची? मला अनुभव—"

"हळू बोला," मी म्हणालो. "आई झोपल्यात."